तळ्याच्या पोटातली घरं

या पुरवणीत नाटकांची परीक्षणं येतात, कादंबऱ्यांची येतात, अधिवेशनातल्या जेवणाचं तर दरवेळी येतं आणि सगळ्यांत जास्त पत्रं त्यावरच येतात. पण ज्या एका कलाकृतीसाठी आपण आयुष्यात सर्वांत जास्त पैसे मोजतो, तीस तीस वर्षं हप्ते भरतो, तिचं परीक्षण कुणी लिहीत नाही. ती म्हणजे आपण राहतो ती सबडिव्हिजन.

तिच्याकडे आपण पावसाळ्यात उगवलेल्या गवतासारखं बघतो. आहे म्हणून आहे. प्रत्यक्षात तिथला एक इंचही आपोआप झालेला नसतो. रस्ता कुठे वळतो, अंगण कुठल्या बाजूला उतरतं, घराची स्लॅब कर्बपेक्षा किती वर आहे, मधलं ते कारंजं असलेलं तळं किती खोल आहे, हे सगळं कुणीतरी कागदावर ठरवलेलं असतं आणि त्यावर कुणाचे तरी शिक्के असतात. ठरवून केलेल्या गोष्टीचं परीक्षण करता येतं. माझी डॉक्टरेट सिव्हिल इंजिनिअरिंगमधली, नाल्या-नद्यांच्या गणितातली. पोट मात्र गेली अनेक वर्षं सॉफ्टवेअरवर भरतं. आपल्यात असे पुष्कळ आहेत. तेव्हा जुन्या विषयाचं प्रेम आणि नव्या धंद्यातला संशयी स्वभाव, दोन्ही पुढे दिसतील. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

परीक्षणाला घेतली आहे ती ह्यूस्टनची पश्चिम बाजू: केटी, सिंको रँच, बेअर क्रीक, तो सगळा पट्टा. आपली माणसं तिकडे भरपूर. शाळा चांगल्या, तेल कंपन्यांची ऑफिसं जवळ, घरं ऐसपैस. आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळात तिथे काय झालं ते सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. पाहिलं, पण नीट समजून घेतलं असं वाटत नाही. अजूनही गप्पांत 'काय करणार, पाऊसच तेवढा पडला' हे वाक्य येतंच. पाऊस पडला हे खरं आहे. हॅरिस काउंटीवर चार दिवसांत सरासरी तेहतीस इंचांहून जास्त पडला; पुण्यात वर्षाचा पाऊस याहून कमी असतो. पण अ‍ॅडिक्स आणि बार्कर या दोन जलाशयांच्या वरच्या अंगाला ज्यांच्या दिवाणखान्यात पाणी आलं, त्यांच्या बाबतीत पाऊस हे अर्धंच उत्तर आहे. ते पाणी तिथे साठावं अशीच योजना होती. १९४० च्या दशकातली, कागदोपत्री, शिक्क्यांसकट.

थोडा इतिहास सांगायला हवा. १९२९ आणि १९३५ साली बफेलो बायूला मोठे पूर आले आणि ह्यूस्टनची मध्यवस्ती बुडाली. (बायू म्हणजे इकडची संथ, गाळवट नदी. वाहते की नाही ते बघायला काडी टाकावी लागते.) त्यानंतर आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने शहरापासून त्या काळी चांगल्याच लांब असलेल्या माळावर दोन मातीचे बांध घातले. बार्कर १९४५ साली पुरा झाला, अ‍ॅडिक्स १९४८ साली. पण ही आपल्या ओळखीची धरणं नव्हेत. त्यांच्यात एरवी पाणीच नसतं. आत झाडी, बागा, खेळाची मैदानं, सायकलचे रस्ते. मोठा पाऊस आला की दरवाजे बंद करायचे, पाणी अडवायचं आणि नंतर बायूला झेपेल इतकंच हळूहळू सोडायचं.

आता यातली खरी गोम. बांध फक्त उताराच्या बाजूला आहेत. वरच्या बाजूला भिंत नाही, डोंगर नाही, काठ म्हणावं असं काहीच नाही. जमीन मैलामागे जेमतेम काही फूट चढत जाते, तोच काठ. सरकारने आतली जमीन घेतली ती सुमारे २६,००० एकर: बार्करमध्ये समुद्रसपाटीपासून साधारण ९५ फुटांच्या रेषेपर्यंत, अ‍ॅडिक्समध्ये १०३ फुटांपर्यंत. बांध मात्र त्याहून बरेच उंच. म्हणजे जलाशय पूर्ण भरू लागला तर पाणी सरकारी हद्द ओलांडून दुसऱ्याच्या जमिनीत जाणार हे बांधणाऱ्यांना माहीत होतं. त्या वेळी पलीकडे भातशेती होती आणि गुरांची कुरणं. पाच-पन्नास वर्षांतून एकदा आठवडाभर कुरणात पाणी उभं राहिलं तर बिघडलं काय, असा तो हिशेब. जमीन विकत घेण्याचा खर्च वाचला.

मराठीत या जमिनीला अगदी नेमका शब्द आहे: बुडीत क्षेत्र. धरणाच्या फुगवट्याखालून उघडी पडणारी जमीन म्हणजे गाळपेर, तिच्यावर पीक घ्यायचं, घर बांधायचं नाही, हे उजनीच्या काठच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. आपल्याकडे धरण आलं की गाव उठतं. विस्थापितांचं पुढे काय होतं ती वेगळीच दुःखद कथा आहे, पण निदान रेषा आखली जाते आणि रेषेच्या आतली घरं रिकामी होतात. ह्यूस्टनला उलटं झालं. धरण आधी झालं आणि बुडीत क्षेत्रात गाव नंतर वसलं. हार्वीच्या वेळी सरकारी हद्द आणि जलाशयांची पूर्ण पातळी यांच्या मधल्या पट्ट्यात सुमारे १४,००० घरं होती. पाणी बार्करमध्ये १०१.६ फुटांवर आणि अ‍ॅडिक्समध्ये १०९.१ फुटांवर गेलं. दोन्हीकडे सरकारी कुंपणाच्या वर सहा फूट. सपाट माळावर सहा फूट म्हणजे पाणी किती आत येतं त्याची कल्पना करा. शिवाय ते एका झटक्यात येत नाही. पाऊस थांबल्यावरही चढत राहतं. आकाश मोकळं झालेलं आहे आणि रस्त्यावरच्या गटाराच्या जाळीतून पाणी शांतपणे वर येतंय, असा तो प्रकार.

सूचना मिळाली नव्हती असंही नाही. त्याआधी सोळा महिने, एप्रिल २०१६ मध्ये, इकडे 'टॅक्स डे'चा पूर म्हणतात त्या पुरात, पातळी अ‍ॅडिक्समध्ये १०२.७ आणि बार्करमध्ये ९५.२ फुटांपर्यंत येऊन परत गेली होती. म्हणजे बरोबर कुंपणापर्यंत. त्याहीआधी, १९९६ साली, हॅरिस काउंटीच्या पूरनियंत्रण खात्यातल्या इंजिनिअरांनी हा धोका लेखी मांडला होता आणि केटी फ्रीवे रुंद करतानाच त्याच्या बाजूने पाणी वाहून नेणारा मोठा भुयारी मार्ग काढावा असं सुचवलं होतं. खर्च चाळीस कोटी डॉलर. फ्रीवे पुढे रुंद झाला, जगातल्या सर्वांत रुंद रस्त्यांत त्याची गणना होऊ लागली. भुयार कागदावरच राहिलं. फोर्ट बेंड काउंटीने तर १९९० च्या दशकात बार्करलगतच्या काही वसाहतींच्या प्लॅटवर एक ओळ छापायला लावली होती. तिचा मथितार्थ असा, की ही वसाहत जलाशयाला लागून आहे आणि कोअरच्या व्यवस्थापनाखाली इथे 'नियंत्रित स्वरूपाची दीर्घकालीन जलमयता' होऊ शकते. आपल्या मंत्रालयातल्या भाषा संचालनालयालाही याहून गोड शब्द सापडला नसता. क्लोजिंगच्या दिवशी आपल्यापुढे शंभर कागदांची चवड येते, सह्या करून बोटं दुखतात, आणि प्लॅट त्या चवडीत बहुधा नसतोच. तो काउंटीच्या दप्तरात असतो.

डिसेंबर २०१९ मध्ये फेडरल क्लेम्स कोर्टाचे न्यायाधीश चार्ल्स लेट्टो यांनी वरच्या बाजूच्या घरमालकांच्या दाव्यात निकाल दिला, की खासगी जमिनीत पाणी साठवून सरकारने ती वापरली, सबब सरकार जबाबदार आहे. खालच्या बाजूच्या, म्हणजे २८ ऑगस्टच्या पहाटे दरवाजे उघडल्यावर बायूच्या काठी ज्यांची घरं बुडाली त्यांचा, दावा दुसऱ्या न्यायाधीशांनी २०२० साली फेटाळला आणि वरच्या कोर्टाने तो २०२२ साली पुन्हा उभा केला. एरवी कोअर बायूत सेकंदाला २,००० घनफुटांच्या वर पाणी जाऊ नये असं बघतं. त्या आठवड्यात विसर्ग १३,००० घनफुटांच्या आसपास गेला. पाणी धरलं तर वरचे बुडतात, सोडलं तर खालचे. त्या रात्री दरवाज्यापाशी बसलेल्या इंजिनिअरला शिव्या देण्यात मला रस नाही. निवडीला जागा होती ती त्याच्या तीस वर्षं आधी, वसाहतींचे नकाशे मंजूर होत होते तेव्हा.

म्हणून आता नकाशाकडे येतो. आश्चर्य वाटेल, पण या वसाहतींचा आतला आराखडा मला वाईट वाटत नाही. उलट अभियांत्रिकी म्हणून तो हुशारच आहे. रस्त्याखालचे पाइप नेहमीच्या पावसापुरते, साधारण दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या सरीपुरते असतात. त्याहून जास्त पाऊस आला तर रस्ता हाच नाला. रस्ते मुद्दाम खोल ठेवतात, घराची स्लॅब त्यांच्यापेक्षा वर, आणि रस्त्यांचा उतार असा की पाणी एका रस्त्यावरून दुसऱ्यावर ओसंडत शेवटी तळ्यात जावं. आपण 'आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचलं' अशी तक्रार करतो, पण गल्लीत पाणी आणि घर कोरडं म्हणजे आराखडा नीट चालला. आणि आपण ज्याच्या काठी 'लेक व्ह्यू'चे वीस हजार जास्त मोजतो ते तळं म्हणजे वसाहतीने कागदावर दाखवलेली पाण्याची टाकी आहे. म्हणजे घर आणि पाणी यांचा विचार एकत्र होतच नाही, हे आपल्याकडचे पर्यावरणवाले म्हणतात ते खरं नाही. होतो. कुंपणाच्या आत अगदी चोख होतो.

बिघडतं ते कुंपणावर. जलशास्त्राच्या गणितात सर्वांत खालच्या टोकाला एक आकडा गृहीत धरावा लागतो: जिथे आपलं पाणी सोडायचं तिथली पातळी. हा आकडा ठरला की वरचं सगळं आपसूक सुटतं. प्रत्येक वसाहतीने गृहीत धरलं की बाहेरचा नाला आपलं पाणी घेईल. शेजारच्या वसाहतीनेही तेच धरलं. त्या नाल्याच्या टोकाशी वीस लाखांहून जास्त माणसांच्या शहरासाठी पाणी अडवणारा बांध आहे आणि तो भरला की सगळ्यांचाच तो खालचा आकडा सहा-सात फुटांनी वर येणार आहे, हे कुणाच्याच पानावर नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये आपण याला चांगले ओळखतो. प्रत्येक मॉड्यूल आपापली चाचणी पास होतं, आणि ग्राहकाकडे सगळं जोडल्यावर रात्री दोन वाजता फोन येतो. तळ्यांचंही तसंच. एक तळं पाण्याचा लोंढा दोन तास लांबवतं, हे चांगलं. पण तीस वसाहतींची तीस तळी आपापले लोंढे लांबवू लागली की ते सगळे खाली एकाच वेळी भेटू शकतात. सुटा विचार केला तर प्रत्येकाने नियम पाळलेला असतो.

घर आम्हीही घेतलं, तेव्हा आमच्या रिअल्टर बाईंनी मोठ्या आनंदाने सांगितलं होतं, की हे शंभर वर्षांच्या पूररेषेबाहेर आहे, बँक विमाही मागणार नाही. त्यांचं चुकलं नव्हतं, नियमच तसा. पण या 'शंभर वर्षां'नी फार घोटाळा केला आहे. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी एक टक्का. तीस वर्षांच्या मॉर्गेजमध्ये निदान एकदा येण्याची शक्यता काढली तर ती सव्वीस टक्के येते. ज्या विमानाला चारात एक धोका आहे त्यात आपण मुलांना बसवणार नाही. आणि हे झालं रेषेच्या आतलं. हॅरिस काउंटीत हार्वीत दीड लाखाहून जास्त घरांत पाणी गेलं आणि त्यांतली दोन तृतीयांश त्या रेषेच्या बाहेर होती. २०१८ साली हवामानखात्याने पावसाचे आकडे नव्याने काढले तेव्हा ह्यूस्टनचा शंभर वर्षांचा एका दिवसाचा पाऊस तेराहून अठरा इंचांच्या घरात गेला. पाऊस बदललाच, शिवाय जुना आकडाही तोकड्या नोंदींवर बेतलेला होता. दोन्ही खरं. त्यात भर टाकून जमीन रेषेच्या वर उचलायची आणि केंद्राच्या खात्याला पत्र लिहून ती नकाशातून वगळून घ्यायची, अशीही अधिकृत सोय आहे. पूर नकाशातून जातो. पाणी जातं शेजाऱ्याकडे.

हे असं का होतं याचं उत्तर इंजिनिअरिंगमध्ये नाही, ते 'मड'मध्ये आहे. चिखल नव्हे, म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. टेक्सासबाहेरच्या वाचकांना हे प्रकरण अद्भुत वाटेल. शहराच्या हद्दीबाहेर माळ विकत घेतलेला बिल्डर सरकारकडे अर्ज करून त्या माळाचा एक स्वतंत्र पाणी-जिल्हा स्थापन करतो. वसाहत अजून झालेली नाही, मतदार नाहीत. मग दोन-चार माणसं तिथे ट्रेलर घरात राहायला येतात, मतदान करतात आणि कोट्यवधी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी देतात. त्यातून पाणी, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची कामं होतात, बिल्डरचे पैसे परत जातात आणि कर्ज आपण मालमत्ता-करातून वर्षानुवर्षं फेडतो. कराच्या बिलावर ती ओळ असते, वाचून बघा. मला ही पद्धत सरसकट वाईट वाटत नाही. तिच्यामुळे घरं स्वस्त राहिली, तुमच्या-माझ्यासारख्या बाहेरून आलेल्यांना दहा वर्षांत घर घेता आलं, ते कॅलिफोर्नियातल्या मित्रांना विचारा. पण तिची हद्द बिल्डरच्या सातबाऱ्याची हद्द असते, नाल्याची नसते. पाचशे एकरांची संस्था पाचशे एकरांचाच विचार करणार.

याच पद्धतीचा दुसरा परिणाम जमिनीखाली दिसतो आणि तो बहुतेकांना ठाऊकच नाही. या पाणी-जिल्ह्यांचा पहिला पाणीपुरवठा म्हणजे विहीर, बोअरवेल. ह्यूस्टनखाली वाळूचे आणि चिकणमातीचे थर आहेत. वाळूतलं पाणी उपसलं की चिकणमाती दबते आणि वरची जमीन खचते, ती पुन्हा वर येत नाही. शहराच्या पूर्वेला बेटाऊनमध्ये ब्राउनवुड नावाची खाडीकाठची वसाहत होती, तेल कंपनीतल्या लोकांची, सुखवस्तू. कारखान्यांनी आणि गावांनी दशकानुदशकं पाणी उपसलं आणि ती आठ-दहा फूट खाली गेली. भरतीचं पाणी अंगणात येऊ लागलं. १९८३ साली अलिशिया वादळाने ती संपवली. आज तिथे पाणपक्ष्यांचं उद्यान आहे. उपशावर लगाम घालण्यासाठी १९७५ साली हॅरिस-गॅल्व्हेस्टनचा आणि १९८९ साली फोर्ट बेंडचा, असे दोन खास जिल्हे विधिमंडळाने नेमले. पूर्व बाजू सावरली. मग वस्ती पश्चिमेला आणि उत्तरेला सरकली, बोअरवेलही सरकल्या, आणि खचणंही. पुराच्या नकाशातला तो एक फूट-दोन फूट किती मोलाचा असतो हे वर पाहिलंच. नळ आणि पूर यांचा हा असा संबंध.

यातली विसंगती मला फार छळते. या भागात वर्षाला सुमारे पन्नास इंच पाऊस पडतो. एक खातं तो लवकरात लवकर समुद्रात घालवण्यासाठी नाले रुंद करतं. दुसरी संस्था भूजल वाचावं म्हणून शहराच्या पार पलीकडून, लेक ह्यूस्टनकडून, सुमारे चाळीस मैलांची पाइपलाइन टाकून पाणी आणते. दोघांचे पैसे आपल्याच बिलातून जातात. ही दोन माणसं एका टेबलाशी बसलेली मला तरी कुठल्या कागदावर दिसली नाहीत.

एकदा मात्र बसली होती. ह्यूस्टनच्या उत्तरेला तीसेक मैलांवर द वुडलँड्स आहे. जॉर्ज मिचेल या तेल-वायूच्या उद्योजकाने सतरा हजारांहून जास्त एकरांचं ते जंगल घेतलं आणि १९७० च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले इयन मॅकहार्ग यांना आराखड्यासाठी बोलावलं. मॅकहार्ग मूळचे स्कॉटलंडचे, १९६९ साली 'डिझाइन विथ नेचर' लिहून गाजलेले. जमीन सपाट, तिसरा हिस्सा नाल्यांच्या पुराखाली जाणारा. मॅकहार्गनी आधी रस्ते आखले नाहीत, घरंही आखली नाहीत. आधी मातीचे नकाशे केले. जिथे माती पाणी पिते तिथे जंगल राखायचं आणि पाणी मुरू द्यायचं. जिथे ती पाणी पीतच नाही, तिथेच घरं आणि रस्ते दाटीने बांधायचे, कारण तिथे डांबर घातल्याने मुरण्यात फारसा फरक पडत नाही. कर्ब आणि पाइपांऐवजी रस्त्याच्या कडेला उघडे, गवताळ चर. पावसाचं पाणी मुरवायचं, म्हणजे पूर कमी, भूजलाला भर, खचणं कमी. एकाच आखणीत तिन्ही. हिशेब मांडला तेव्हा या नैसर्गिक निचऱ्याचा खर्च सुमारे बेचाळीस लाख डॉलर आणि पाइपांचा एक कोटी सत्त्याऐंशी लाख निघाला. मिचेल पक्का धंदेवाला होता. मला वाटतं, निसर्गप्रेमाइतकंच या दोन आकड्यांनी काम केलं. १९७४ साली वसाहत खुली झाली. १९७९ आणि १९९४ च्या मोठ्या पावसात आसपासच्या वसाहती बुडाल्या, वुडलँड्सचं फार नुकसान झालं नाही.

इथे परीक्षण संपवून टाळ्या वाजवता आल्या असत्या. पण पुढचा अंक बघायला हवा. पहिल्या वस्त्यांनंतर हळूहळू चर गेले, कर्ब आणि पाइप आले. कारण? गिऱ्हाइकांना चर आवडेनात. अंगणासमोर खळगा, पावसानंतर दोन दिवस ओल, डास, आणि 'खेड्यासारखं दिसतं'. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या संशोधकांनी नंतर जुन्या आणि नव्या वस्त्यांची तुलना केली, तेव्हा नव्या वस्त्यांतून पाणी जास्त वाहून जातं हे दिसून आलं. १९९७ साली मिचेलने वुडलँड्स विकलं. हार्वीत स्प्रिंग क्रीकच्या काठच्या नव्या भागात घरं बुडाली. आराखडा अभियांत्रिकीत हरला नाही, तो अभिरुचीत हरला. आणि अभिरुची म्हणजे आपण. ओपन हाउसला जाऊन 'समोर ती गटारं कशाला' असं विचारणारे आपणच. लहानपणी उघड्या गटारांजवळून नाक धरून गेलेल्या माणसाला गवताळ चर आणि गटार यांतला फरक पटवणं सोपं नाही, हे मला घरातच कळलं आहे.

मॅकहार्गच्या भक्तांना आणखी एक विचारावंसं वाटतं. सतरा हजार एकर एका माणसाच्या हातात होते म्हणून हे जमलं. केटीच्या माळावर शंभर मालक आहेत. तिथे काय करायचं? शिवाय वुडलँड्सने पाणी मुरवलं तरी पिण्याचं पाणी बोअरवेलमधूनच काढलं, आणि तिथलीही जमीन खचते आहे. त्या आखणीत पाणी जमिनीत जाताना दिसतं, बाहेर येताना दिसत नाही. मोठ्या कामातही एक पान राहून जातं.

माझं मत विचाराल तर पश्चिमेच्या पट्ट्यात दोन गोष्टी फार आधी व्हायला हव्या होत्या. एक, सरकारने बुडीत रेषेपर्यंतची जमीन, किंवा निदान तिथे पाणी साठवण्याचा हक्क, गुरं चरत होती तेव्हाच विकत घ्यायचा होता. १९४० च्या भावात वाचवलेले पैसे पुढे किती पटीने द्यावे लागतात ते कोर्टात दिसतंच आहे. दुसरी गोष्ट घराच्या पायाची. ह्यूस्टनमधले जुने लाकडी बंगले ठोकळ्यांवर उभे आहेत, खाली दोन-तीन फूट हवा. पाणी आलं तर खालून जातं. नंतर जमिनीवर सरळ काँक्रीटची स्लॅब ओतायची पद्धत आली, कारण ती स्वस्त आणि झटपट. आता घर उंच करायचं तर सगळा प्लॉट भर टाकून उंच करतात. भर टाकलेली जमीन पाण्याची जागा खाते, ठोकळे खात नाहीत. आपल्या कोकणातल्या घराचं जोतं उंच असतं, पण म्हणून कुणी सबंध वाडी उचलून धरत नाही. हार्वीनंतर, २०१८ साली, ह्यूस्टन शहराने नियम केला की पाचशे वर्षांच्या पूररेषेतही नवं घर त्या पातळीच्या दोन फूट वर असलं पाहिजे. चांगला नियम, पण शहराचा. माळावरची नवी वस्ती बहुतेक शहराच्या हद्दीबाहेर होते. त्याच वर्षी हॅरिस काउंटीच्या मतदारांनी अडीच अब्ज डॉलरचे पूरनियंत्रणाचे रोखे मंजूर केले. आणि २०२० साली कोअरने अहवाल काढला: केटी प्रेअरीवर सायप्रस क्रीकला तिसरा जलाशय करा, किंवा बफेलो बायू खोल आणि रुंद करा. पहिल्याला माळ वाचवणाऱ्यांचा विरोध, दुसऱ्याला काठच्या लोकांचा. तिसऱ्या जलाशयाची गोष्ट १९४० च्या मूळ आराखड्यातही होती. तेव्हा माळ रिकामा होता.

पुण्याबद्दल दोन वाक्यं, कारण आपल्यातले निम्मे लोक तिथे फ्लॅट घेऊन बसले आहेत. महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात, साधारण पंचवीस आणि शंभर वर्षांच्या पुराच्या. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत जे झालं ते बफेलो बायूच्या काठी २०१७ साली झालं त्याच जातीचं होतं: वर धरण, खाली घरं, आणि मध्ये रात्री घेतलेला निर्णय. फ्लॅटचा व्हिडिओ पाठवणाऱ्या एजंटला निळी रेषा कुठून जाते ते विचारायला पैसे पडत नाहीत.

इकडे वस्ती आता फुलशियर, ब्रुकशायर, वॉलर अशी आणखी पश्चिमेला आणि उत्तरेला चालली आहे. भाताची खाचरं जाताहेत, त्यांच्या जागी कमानी आणि कारंजी येताहेत. २०१९ पासून टेक्सासमध्ये घर विकणाऱ्याला ते जलाशयाच्या बुडीत क्षेत्रात आहे का आणि आधी पाणी शिरलं होतं का, हे फॉर्मवर लिहून द्यावं लागतं. तो फॉर्म जुन्या घरांसाठी आहे, बिल्डरकडून नवं कोरं घर घेताना तो मिळेलच असं धरून चालू नका. प्लॅटची प्रत काउंटी क्लर्ककडे मिळते. तीवरची बारीक अक्षरातली प्रत्येक ओळ वाचा. मग स्लॅबची समुद्रसपाटीपासूनची उंची मागा. ती सर्व्हेअरच्या दाखल्यावर असते. आणि वसाहतीचं पाणी ज्या नाल्यात जातं तो पुढे कुठे जातो ते नकाशावर बोटाने शोधत जा, बांध, नदी किंवा समुद्र लागेपर्यंत. आमच्या मंडळातल्या एका जोडप्याने गेल्या वर्षी हे केलं, रविवारची सगळी दुपार गेली, आणि पसंत पडलेलं घर सोडून त्याच शाळेच्या हद्दीतलं, चार फूट उंचावरचं दुसरं घेतलं. समोर चर आहे. पावसानंतर दोन दिवस ओल राहते, म्हणतात.